मुलीचा संसार शिडाच्या बोटीवर : भ्यायचं कशाला आणि कशाला नाही

पवनीची_बाई

माझी मुलगी, जावई आणि दोन नातवंडं शिडाच्या बोटीवर राहतात. पावसाळ्याचे महिने बोट मलेशियातल्या लंकावी बेटावर बांधलेली असते. डिसेंबर ते एप्रिल ही मंडळी तिथून थायलंडच्या फुकेतपर्यंत बेटाबेटांवर थांबत वरखाली करतात. आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातल्या सगळ्या सोयऱ्यांना आता हे ठाऊक आहे. लग्नात, तेरवीला, बाजारात, जो भेटेल तो तेच विचारतो, "बाई, पोरगी पाण्यावर राहते म्हणे? लाटा केवढ्या असतात? तुफान आलं तं?" काही जण विचारतही नाहीत, नुसते हळहळतात. त्या हळहळीचा मला राग येतो, म्हणून हा धागा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. आमचे हे धानाची शेती करतात. यंदा धान घरात आल्यावर आम्ही दोघं तिकडे जाऊन चांगले राहून आलो. माझं म्हणणं एवढंच आहे की या जगण्यात भ्यायला बरंच आहे, पण लोक ज्याला भितात ते नव्हे.

आधी लाटांचं सांगते. हिवाळ्यात त्या किनाऱ्यावर वारा ईशान्येकडून, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्याच्या आडोशाने चाललं की पाणी उसळायला जागाच मिळत नाही. बहुतेक दिवस लाट हात-दीड हाताची. बोट चाळीस फुटी, वेग तासाला पाच-सहा सागरी मैल, म्हणजे दहा किलोमीटरच्या आसपास. लंकावी ते फुकेत सव्वाशेच्या घरात सागरी मैल होतात, ते एका दमात कुणी तोडत नाही. सकाळी निघायचं, दुपारी चारच्या आत पुढच्या बेटाच्या आडोशाला पोचायचं. उजेड असताना पोचायचं, कारण पाण्याखालचा खडक आणि प्रवाळ उन्हातच दिसतो. मे ते ऑक्टोबर नैऋत्येचा वारा सुटतो, समुद्र थेट अंगावर येतो आणि पहाटे पहाटे सुमात्राकडून झंझावाती सरी येतात. तेव्हा बोट बंदरात असते आणि तळ खरवडणं, रंग देणं, शिडं उसवून शिवणं ही कामं चालतात.

मला भीती वाटली ती नांगराची. संध्याकाळी थांबलं की अख्खं घर एका लोखंडी फाळाच्या आणि साखळीच्या भरवशावर असतं. मुलगी सुकाणूवर, जावई पुढच्या टोकाला. तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही, आजीनेही नाही. इंजिनाच्या आवाजात ओरडून काही कळत नाही, म्हणून जावई हातानेच सांगतो. मूठ आवळली की थांब, हात मागे केला की मागे घे. पाण्याची खोली भरतीच्या वेळची धरायची, त्यात बोटीच्या नाकाची उंची मिळवायची आणि त्याच्या चार-पाच पट साखळी सोडायची. वारा वाढणार असेल तर आणखी. साखळी खडखडत खाली गेली की इंजिन मागे ओढून नांगर वाळूत रुतवतात. मग मुलगी किनाऱ्यावरचं एक झाड आणि त्याच्या मागचा कडा एका रेषेत धरून पाहत राहते. रेष मोडली तर नांगर घसरतोय. शेवटी मोठी नात मास्क लावून पाण्यात उतरते आणि नांगर डोळ्यांनी पाहून येते. "फाळ पूर्ण आत आहे, साखळी सरळ आहे," असं तिने सांगितलं की मगच चहाचं आधण चढतं. रात्री वारा फिरला आणि नांगर सुटला तर मागच्या खडकावर जायला किती वेळ लागतो, हे कळल्यापासून मी त्या पोरीच्या तोंडाकडे जीव मुठीत धरून पाहायची.

दुसरी भीती गॅसची. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. आपल्या घरात गळला तर दारं-खिडक्या उघडून त्याला वाट देता येते. बोटीला तळात दार नसतं. गळलेला गॅस खालच्या पोकळीत साठतो आणि एक ठिणगी पुरते. त्यामुळे सिलिंडर आत ठेवतच नाहीत. तो डेकवरच्या वेगळ्या खणात, त्या खणाला समुद्रात उघडणारं भोक. भाजी झाली की आधी सिलिंडरची कळ बंद, नळीतला उरलेला गॅस जळू द्यायचा, ज्योत आपोआप विझली की मग शेगडीचं बटण. धाकटा नातू सात वर्षांचा आहे, पण माझ्याकडून हा क्रम चुकत नाही ना, ते तो बघायचा. शेगडी दोन खुंट्यांवर झुलती असते, बोट कलली तरी पातेलं सपाट राहतं. तरीही वाटेत असताना उकळतं तेल, वरण असलं काही ठेवायचं नाही. बोटीवर माणसं भाजतात ती अशीच.

तिसरी भीती शांत पाण्यातली. चालत्या बोटीवर सगळे सावध असतात. पोर पडतं ते नांगरलेल्या बोटीवरून, आई आत कणीक मळत असताना. धाकट्याला केबिनच्या बाहेर पाय ठेवला की लाइफ जॅकेट, बोट हलत असो की नसो. कठड्याला सगळीकडून जाळी. वाटेत असताना पुढे जायचं तर कमरेचा पट्टा डेकवरच्या पट्टीला अडकवायचा, मोठ्यांनीसुद्धा, आणि रात्री तर दुसऱ्याला उठवल्याशिवाय जायचंच नाही. किनाऱ्यावर न्यायला रबरी होडी असते, डिंगी. तिच्या इंजिनाला लाल दोरी असते, ती चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस पाण्यात पडला की दोरी सुटते आणि पंखा जागीच थांबतो. ही दोरी न बांधता जावयानेही इंजिन सुरू केलेलं मी पाहिलं नाही.

आता पाणी. टाकी चारशे लिटरची. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची आणि शेवटी गोड पाण्याचा नुसता हात फिरवायचा. आंघोळ म्हणजे समुद्रात डुबकी आणि वर लोटाभर गोडं पाणी. समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र आहे. ते पन्नास-साठ बार दाबाने पाणी पडद्यातून ढकलतं आणि सौर पॅनेलच्या विजेवर चालतं. पण बंदरातल्या तेलकट पाण्यात किंवा थायलंडमधल्या फांग-न्गाच्या गढूळ खाडीत ते लावायचं नाही, पडदा जातो. त्यामुळे यंत्र असूनही पाणी मोजूनच वापरायचं.

मी इथून भिवापूरची मिरची, कोहळ्याच्या वड्या, कुरड्या, तांदळाचे पापड आणि जवसाची चटणी नेली होती. तिथे गेल्यावर कळलं की आपलं उन्हाळ्याचं वाळवण बोटीच्या स्वयंपाकाला किती चपखल बसतं. फ्रिज लहान, बेटांवर ताजी भाजी आठवड्यातून एकदा मिळाली तर मिळाली. वड्यांची रस्सेदार भाजी आणि भात दिला की सगळे खूश. अंडी फ्रिजबाहेर टिकतात, ती न धुतलेली हवीत आणि अधूनमधून उलटायची. पुठ्ठ्याचा खोका मात्र बोटीवर चढू देत नाहीत. पुठ्ठ्याच्या पन्हाळ्यांत झुरळाची अंडी येतात आणि एकदा झुरळं झाली की त्या फळ्यांच्या आडोशातून निघत नाहीत. बाजार किनाऱ्यावरच पिशव्यांत रिकामा करायचा. केळीचा घडसुद्धा समुद्रात बुडवूनच वर घ्यायचा.

शाळेचं विचारणार तुम्ही, ते प्रतिसादात सांगते. विचारा, शक्य तेवढं सांगीन.


धानाचं_कोठार

बाई, धागा वाचून माझ्या बायकोने लगेच गॅसची नळी तपासली. दोन प्रश्न. एक, शाळा. दोन, पोरं एकलकोंडी नाही का होत? आमचा मुलगा सुट्टीत दोन दिवस घरी राहिला तर भिंती खातो. आणि वीज? आपल्याकडे दरवर्षी रोवणीच्या दिवसांत वीज पडून माणसं जातात. समुद्रावर तर सगळ्यात उंच तुमची डोलकाठीच.


पवनीची_बाई

@धानाचं_कोठार, शाळेबद्दल मी शिक्षिका म्हणून जरा लांब लिहिते.

मोठी नात एनआयओएसच्या, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या, मुक्त मूलभूत शिक्षणात आहे. त्याच्या अ, ब, क अशा पातळ्या आहेत, त्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या. दहावीला वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात. मराठीसाठी बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवरून फुकट उतरवता येतात, ती टॅबमध्ये भरून ठेवली आहेत. सकाळी न्याहारी झाली की तीन तास अभ्यास, त्यात कुणाचीही सूट नाही. बोट चालत असेल तर वाचन करायचं नाही, मळमळतं. तेव्हा पाढे, तोंडी गणित, कविता.

शाळेतलं भूगोलाचं एक पान मी वर्षानुवर्षं शिकवलं, भरती-ओहोटीचं. मुलं पाठ करायची आणि विसरायची, कारण त्यांनी समुद्र पाहिलेलाच नसे. मीही कुठे पाहिला होता? तिथे नातीला रोज लागतं ते. त्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत दोन-तीन मीटरचा फरक पडतो. तक्ता बघून तिने सांगायचं की उथळ पट्ट्यावरून किती वाजता गेलं तर तळाखाली मीटरभर पाणी उरेल. उत्तर चुकलं तर बोट रुतते, त्यामुळे ती स्वतःच दोनदा ताळा करते. मी पंचांगात बघून सांगितलं की अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती, आणि अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे लहान भरती, तर तिने तक्त्याशी महिनाभर पडताळून पाहिलं. उधाण तिथीनंतर एखाद-दीड दिवसाने येतं हे तिनेच मला दाखवलं. असा अभ्यास मला वर्गात घेता आला असता तर!

कमी पडतं ते मराठी लेखन. बोलणं छान आहे, पण लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ कोलमडतं. आता मी दर रविवारी फोनवर शुद्धलेखन घेते.

एकलकोंडेपणाची काळजी मलाही होती. तिथे मुलं असलेल्या बोटी एकमेकींना शोधतात आणि काही आठवडे सोबतीने जातात. आमच्या शेजारी एका फ्रेंच कुटुंबाची बोट होती. त्या पोरांची आणि आमच्या पोरांची भाषा कोणती, मला शेवटपर्यंत समजलं नाही, पण दिवसभर धुडगूस असायचा. मग एक दिवस ती बोट वेगळ्या वाटेने जाते. त्या दिवशी धाकटा जेवला नाही. हे दुःख खरं आहे आणि त्यावर इलाज नाही. जी मुलं गावात एका वर्गात दहा वर्षं एकत्र बसतात, त्यांना जे मिळतं ते या मुलांना मिळत नाही. मुलीला मी हे स्पष्ट सांगितलंय. तीही मान्य करते.

विजेचं तुम्ही बरोबर ओळखलं. मलाक्काची सामुद्रधुनी विजांसाठी बदनामच आहे. डोलकाठी तळापर्यंत जाड तारेने पाण्याशी जोडलेली असते, पण खात्री कुणी देत नाही. गडगडाट सुरू झाला की हाताचा फोन, हातातला रेडिओ आणि जास्तीचं जीपीएस ओव्हनच्या लोखंडी पेटीत ठेवतात, म्हणजे वीज पडली तरी वाट दाखवणारं एक यंत्र शाबूत राहावं. पोरं केबिनच्या मधोमध, डोलकाठीपासून लांब. बांधावर उभं राहण्यापेक्षा हे बरं, एवढंच मी म्हणीन.


मांडवीचा_वारा

रत्नागिरीहून लिहितोय. बाई, विदर्भातल्या माणसाने समुद्राबद्दल इतकं नेमकं लिहिलेलं वाचून आनंद झाला. आमच्याकडचं थोडं जोडतो. कोकण किनाऱ्यावरही हिवाळा हाच हंगाम. पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो, दुपारी तो पडतो आणि समुद्राकडून खारा वारा लागतो. शिडाच्या होड्या पूर्वी याच दोन वाऱ्यांवर धंदा करायच्या. मतलईवर बाहेर पडायचं, खाऱ्यावर घरी यायचं. पावसाळ्यात आमच्याकडे यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेआधी जुनी माणसं पाण्यात होडी घालत नाहीत.

एक विचारायचं होतं. तिकडे रात्री चालावं लागलं तर मच्छीमारांच्या जाळ्यांचं काय करतात? आमच्याकडे पंख्यात जाळं अडकलं की बोट मेली.


पवनीची_बाई

@मांडवीचा_वारा, मतलई आणि खारे वारे, दोन्ही शब्द मी पुस्तकातच वाचले होते, वापरणारा माणूस आज भेटला.

जाळ्यांचा त्रास तिथेही आहेच. दिवसा जाळ्यांवर तरंगणारे, झेंडे लावलेले बोये दिसतात, रात्री काही दिसत नाही. म्हणून होता होईल तो रात्री चालतच नाहीत. आम्ही असताना एकदाच रात्रभर चाललो. तीन तास मुलगी जागी, तीन तास जावई. क्षितिजभर हिरवे दिवे लागले होते, माकुल (स्क्विड) धरणाऱ्या बोटींचे. त्यांच्या मधून जाताना जावई सतत दुर्बीण लावून बसलेला. दोघं नवरा-बायको त्या रात्री एकमेकांशी बोलले ते पाळी बदलताना, तेही वारा, दिशा, कुठली बोट कुठे चाललीय एवढंच. दुसऱ्या दिवशी दोघंही चिडचिडे. पोरांना अशा दिवशी आजी-आबाजी लागतात, हे मला तेव्हा पटलं.


सरळ_बोलतो

कौतुक बाजूला ठेवू. हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत. आणि कळत्या माणसांनी स्वतःच्या जिवाशी काय करायचं ते करावं, लहान लेकरांना तिथे नेणं मला अघोरी वाटतं. २००४ ची त्सुनामी त्याच समुद्रात आली होती ना?


पवनीची_बाई

@सरळ_बोलतो, तुम्ही तोंडावर विचारलंत ते बरं केलंत. पाठीमागे बोलणारेच जास्त आहेत.

पैशाचं आधी. जावई मालवाहू जहाजावर इंजिनियर आहे, वर्षातले काही महिने नोकरीवर जातो. त्या काळात मुलगी आणि पोरं बंदरातच असतात. मुलगी चार दुकानांचे हिशेब इंटरनेटवरून बघते. नागपूरचा फ्लॅट विकून त्यांनी जुनी बोट घेतली, त्यांच्या लग्नापेक्षा जुनी. गाडी नाही, सोनं नाही. खर्च आहे तो दुरुस्तीचा, तळाच्या रंगाचा, विम्याचा आणि बंदरातल्या भाड्याचा. आमच्या घरात यावरून मोठी भांडणं झाली आहेत. यांनी तर वर्षभर जावयाशी धड बोलणं टाकलं होतं. मग तिथे गेल्यावर एक दिवस जावयाने दोराची गाठ शिकवली, ती यांनी एका झटक्यात बांधली. बैलांचे दोर वळण्यात आयुष्य गेलेला माणूस. त्या दिवसापासून डेकवरचे सगळे दोर आबाजींकडे.

त्सुनामी. होय, २६ डिसेंबर २००४ ला तोच किनारा झोडपला गेला. लंकावीच्या बंदरांतही बोटींचं नुकसान झालं. पण त्सुनामीची लाट खोल पाण्यात उंच नसते, ती उथळ किनाऱ्यावर येऊन उठते. खोल पाण्यातल्या बोटींना त्या दिवशी फारसं काही झालं नाही. म्हणून इशारा आला तर बोटवाल्यांचा नियम असा की वेळ असेल तर खोल समुद्राकडे निघायचं आणि वेळ नसेल तर बोट सोडून पोरांना घेऊन उंच जागी धावायचं.

चक्रीवादळाचंही लोक विचारतात. लंकावी विषुववृत्तापासून सहा अंशांवर आहे. वादळाला जो पीळ लागतो तो पृथ्वीच्या फिरण्यातून मिळतो आणि विषुववृत्ताजवळ तो फार क्षीण असतो. त्यामुळे इतक्या खाली वादळं क्वचितच येतात. डिसेंबर २००१ मध्ये वामेई नावाचं वादळ पार सिंगापूरजवळ उठलं होतं. म्हणून तिथले लोक निर्धास्त राहत नाहीत, रोज सकाळी हवामान बघतातच.

आणि अघोरी म्हणालात, त्याबद्दल. त्या समुद्रात मोकेन नावाचे लोक आहेत. कोरडे महिने ते पिढ्यान्‌पिढ्या घरादारासकट होड्यांवर काढत आणि पावसाळ्यात बेटावर झोपड्या बांधत. आता बहुतेक जण जमिनीवरच असतात. त्यांच्या मुलांना पाण्याखाली युरोपातल्या मुलांपेक्षा कितीतरी स्वच्छ दिसतं. स्वीडनच्या संशोधकांनी ते मोजलं आणि २००३ मध्ये छापलं. पाण्याखाली ती मुलं डोळ्याची बाहुली बारीक करतात, आणि हे सरावाने इतर मुलांनाही जमतं. त्सुनामीच्या दिवशी पाणी एकाएकी मागे सरलेलं पाहून सुरीन बेटांवरच्या मोकेन लोकांनी वाडवडिलांकडून ऐकलेलं ओळखलं आणि सगळे उंचावर पळाले. लेकरं पाण्याजवळ वाढवणं माणसाला नवं नाही. अडाणीपणाने वाढवणं वाईट, ते जमिनीवरही वाईटच.


पांढरा_गणवेश

नौदलातून निवृत्त झालो, आता अमरावती जिल्ह्यात गावी असतो. बाईंनी नांगराला पहिला मान दिला ते अगदी योग्य. शिडाच्या बोटीवरचे बहुतेक अपघात मधल्या समुद्रात नव्हे, किनाऱ्याजवळ होतात.

वाचकांच्या माहितीसाठी. आपल्याकडे या क्षेत्रात मराठी माणसाने मोठं काम केलंय. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये 'म्हादेई' या ५६ फुटी शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. बोट गोव्यातच बांधलेली. त्याच बोटीतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता फेरी पुरी केली. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी'तून प्रदक्षिणा केली. तेव्हा बाईंची मुलगी सुकाणू धरते याचं नवल करणाऱ्यांनी जरा माहिती घ्यावी.

मात्र एका बाबतीत माझा आक्षेप आहे. दोन मोठी माणसं आणि दोन लहान मुलं घेऊन रात्रीचा प्रवास करणं मला पसंत नाही. एक माणूस पाण्यात पडला तर दुसऱ्याने बोट वळवायची, पडलेल्यावर नजर ठेवायची, रेडिओवर कळवायचं आणि पोरं सांभाळायची, हे एकट्याने होत नाही. रात्रीच्या टप्प्याला तिसरा जाणता माणूस हवाच.


पवनीची_बाई

@पांढरा_गणवेश, तुमचा आक्षेप मी मुलीला जसाच्या तसा वाचून दाखवला. तिने वाद घातला नाही. ती म्हणाली की त्यासाठीच मोठीला रेडिओ शिकवलाय. सोळा नंबरच्या चॅनेलवर बोटीचं नाव, जागा आणि काय झालं ते सांगायचं. लाल झाकणाखालचं संकटाचं बटण दाबून धरलं की जागा आपोआप जाते. आणि पडलेल्याकडे बोट दाखवत उभं राहायचं, क्षणभरही नजर काढायची नाही, हे काम पोरांचंच. टोपी पाण्यात टाकून ते हा सराव करतात. तरी बारा वर्षांच्या पोरीवर हा भार नको, हे माझंही मत आहे. पुढच्या हंगामात रात्रीच्या टप्प्याला ओळखीच्या बोटीवरचा एक जण सोबत घ्यायचं दोघांनी कबूल केलंय.


गोसेकाठ

बाई, मी ढिवर समाजाचा हाव. आमचं गाव गोसेखुर्द धरणाच्या पाण्याकाठी. आमची पोट्टे बी डोंग्यावरच वाढतेत. पहाटे जाळे काढाले जाची त बायको मांगं बसते, लहान पोरगं तिच्या मांडीवर. आमाले कोनी हळहळत नाही, आमचं कोनी विचारतच नाही. पन तुमी लाइफ जाकिटाचं लिवलं ते मले लय लागलं. आमच्या डोंग्यात येक बी जाकीट नाही. जानेवारी २०२४ ले तिकडं गडचिरोलीत चामोर्शीकडं वैनगंगेत डोंगा उलटला, मिरच्या तोडाले चाललेल्या बाया बुडाल्या. तवापासून माही बायको डोंग्यात बसाले भिते. ते जाकीट कसं घ्याचं, कोनतं घ्याचं, सांगाल का?


पवनीची_बाई

@गोसेकाठ, भाऊ, हा प्रतिसाद वाचून मी रात्री पुन्हा लॉगिन केलं. एवढ्या वेळ मी मलेशियाच्या पाण्याचं सांगत बसले आणि माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर डोंगे चालतात.

जावयाला फोन करून नीट विचारून घेतलंय. फुगवायची जॅकेटं घेऊ नका, ती महाग आणि त्यांना देखभाल लागते. फोमची भरीव घ्या. कॉलर असलेलं घ्या, म्हणजे बेशुद्ध माणसाचंही तोंड वर राहतं. आतल्या पट्टीवर वजन लिहिलेलं असतं, ते माणसाच्या वजनाशी जुळवून घ्या. मोठ्याचं जॅकेट पोराला घालाल तर पोर खालून निसटून जाईल. लहानांच्या जॅकेटला दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा हवाच, नसेल तर घरी शिवून घ्या, पक्क्या दोऱ्याने. घातल्यावर खांद्याला धरून वर उचलून बघा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ढिलं आहे. काठावर कमरेएवढ्या पाण्यात पोराला एकदा तरंगवून बघा, म्हणजे त्याची भीती जाते. आणि जॅकेट डोंग्यात ठेवून उपयोग नाही, अंगात हवं. उलटलेल्या डोंग्यात कुणालाही ते घालता येत नाही. साडीवर घालता येतं, फक्त पदर आत खोचून मग पट्टे आवळायचे.

डोंग्याला मोटार लावली असेल तर ती लाल दोरी मनगटाला बांधाच.

तुमच्या मच्छीमार संस्थेने एकत्र मागवली तर स्वस्त पडतील. संस्थेचं पत्र आणि किती डोंगे, किती माणसं, त्यात किती पोरं, एवढं मला कळवा. मत्स्यव्यवसाय विभागाकडे अर्ज मी लिहून देते, अर्ज लिहिणं मला येतं. पहिली काही जॅकेटं मी आणि आमचे हे देतो, पोरांच्या मापाची.


धानाचं_कोठार

@गोसेकाठ, @पवनीची_बाई, माझ्याकडून दोन धरा. आमच्या गावाच्या घाटावरूनही मजूर डोंग्यानेच पलीकडे जातात.


मांडवीचा_वारा

आमच्या बंदरातला दुकानदार घाऊक भावात देईल. मी विचारून व्यक्तिगत निरोपात भाव कळवतो. ट्रान्सपोर्टने भंडाऱ्यापर्यंत पाठवता येईल.


नवखी_वाचक

मी वाशीम जिल्ह्यातली, वय चोवीस. बाई, बायकांच्या अडचणींचं सांगाल का? पाळी, उलट्या, एवढ्याशा जागेत सगळ्यांबरोबर राहणं. आणि मला शिडाची होडी शिकायची असेल तर समुद्रापर्यंत जावंच लागेल का?


पवनीची_बाई

@नवखी_वाचक, उलट्या पहिले दोन-तीन दिवस बहुतेकांना होतात. मला झाल्या. आत न बसता वर येऊन क्षितिजाकडे पाहत राहायचं, पोट रिकामं ठेवायचं नाही, सुंठ चघळायची. गोळी घ्यायची तर निघायच्या आधी आणि डॉक्टरांना विचारून. पाळीसाठी मुलगी कप वापरते, कारण पॅड टाकायला जागा नाही आणि समुद्रात काहीच फेकायचं नाही. संडासाचा पंप हाताने चालवायचा असतो. त्यात पोटातून गेलेलं आणि थोडा कागद सोडून काही गेलं की तुंबतो, मग तो कुणाला तरी खोलावा लागतो. एकांत फारसा नसतो. मुलगी रोज संध्याकाळी एकटी डोलकाठीच्या पुढे जाऊन बसते, तेवढा वेळ तिला कुणी हाक मारायची नाही असा घरचा नियम आहे. मला हा नियम इतका आवडला की आमच्या घरीही लागू केलाय.

आजारपणाचीही तयारी लागते. औषधांची मोठी पेटी आहे आणि पोरांच्या वजनाप्रमाणे मात्रा झाकणावर लिहून ठेवल्या आहेत. तिथल्या पाण्यात विषारी जेलीफिश असतात, त्यांच्यासाठी व्हिनेगरची बाटली कायम हाताशी. थायलंडच्या काही किनाऱ्यांवर तर ती खांबालाच लावलेली असते. पोरं पाण्यात उतरतात ती अंगभर कपडे घालून, तेवढ्याने जेलीफिश आणि ऊन दोन्हीपासून बचाव होतो.

शिकायला समुद्र लागत नाही. हैदराबादच्या हुसेनसागरावर आणि भोपाळच्या मोठ्या तलावावर शिडाच्या होड्या शिकवतात. आपल्याला दोन्ही मुंबईपेक्षा जवळ. आधी लहान, एका माणसाच्या होडीवर शीक. ती उलटते, आपण पाण्यात पडतो, ती सरळ करून पुन्हा चढायचं. वारा कुठून येतोय हे मानेला कळायला लागलं की मोठ्या बोटीवर शिकायला वेळ लागत नाही, असं जावई म्हणतो. पोहायला मात्र आजपासून लाग.


गोसेकाठ

बाई, संस्थेच्या अध्यक्षाशी बोललो. डोंगे चौदा, मानसं अडतीस, त्यात पोट्टे नऊ. वजनं उद्या लिवून धाडतो.


पवनीची_बाई

@गोसेकाठ, पोरांची वजनं रेशन दुकानाच्या काट्यावर करून घ्या, अंदाजे नको. अर्जाचा मसुदा तयार आहे, संस्थेचा नोंदणी क्रमांक तेवढा पाठवा. मंगळवारी मी भंडाऱ्याला जातेच आहे, तेव्हा देऊन येईन.